हँडलचा आरसा, सायकलचे लाईट अन् बेळगावची सर्कलं : पैसे वसूल झाले का?

घेतलेलं सामान असं. हँडलच्या टोकात बसणारा गोल आरसा ३८० रुपये, पुढचा मागचा लाईट जोडीनं ११०० रुपये, अन् पायाच्या घोट्याला बांधायचे चमकणारे पट्टे, ते दुकानदारानं लाईटवर फुकट दिले. आधीच सांगून टाकते, यातली सगळ्यात कामाची वस्तू आरसा निघाली, त्याच्या खालोखाल फुकटचे पट्टे, मग पुढचा लाईट, अन् सगळे जण ज्याच्यासाठी दुकानात जातात तो मागचा लाल लाईट सर्कलमध्ये तरी शेवटच्या नंबरावर. का ते खाली लिहिलंय. लांबलंय जरा, चहा घेऊन बसा.

माझा रोजचा रूट शहापूर, गोवावेस, पुलावरून गोगटे सर्कल, धर्मवीर संभाजी चौक, कॉलेज रोड अन् चन्नम्मा सर्कल ओलांडून सिव्हिल हॉस्पिटलच्या बाजूला ऑफिस. सायकल साधी लेडीज, गिअर नाही, पुढं बास्केट, त्यात डबा. त्यामुळं येरवाळी उठून राजहंसगड नाहीतर जांबोटीपर्यंत मारून येणाऱ्या मंडळींनी हा रिव्ह्यू वाचला नाही तरी चालतंय, त्यांच्याकडं हे सगळं आधीच असतंय अन् ते शहरात शिरतात तेव्हा रस्ते मोकळे असतात. हा उद्यमबागला शिफ्टला जाणारे, दूध घालणारे, ट्यूशनला जाणारी पोरं, अन् माझ्यासारखे नऊ-साडेनऊच्या गर्दीत सापडणारे, यांच्यासाठी आहे.

आता सर्कलमध्ये नक्की धोका कुठनं येतो ते बघा, कारण त्याच्यावरच कुठली वस्तू घ्यायची ते ठरतंय. सरळ रस्त्यावर भीती मागनं येणाऱ्याची. सर्कलमध्ये तसं नसतंय. आपण सर्कलमध्ये फिरत असतो, मधलं बेट उजव्या हाताला, बाहेर जाणारे रस्ते एकेक करून डाव्या हाताला. त्या डावीकडच्या रस्त्यावरनं जो आत घुसतो तो पहिला धोका. दुसरा धोका आपल्या उजवीकडनं पुढं काढून लगेच डावीकडं वळून आपल्या पुढ्यातनंच बाहेर पडणारा. पहिल्यानं आपल्याला बघितलेलंच नसतंय, दुसऱ्यानं बघितलेलं असतंय पण त्याला वाटतंय सायकल म्हणजे थांबणारच की. म्हणजे मागं लाल दिवा कितीबी मिचकावला तरी पहिल्याला तो दिसत नाही अन् दुसऱ्याला दिसून फरक पडत नाही!

ही नुसती माझी कुरकुर नाही. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात जुने चौक काढून तिथं सर्कल केल्यावर काय झालं त्याचा अभ्यास झालाय, २००८ मध्ये छापून आला. ९१ सर्कलं बघितली, अन् सायकलवाले जखमी होणारे अपघात २७ टक्क्यांनी वाढलेले निघाले. मोटारवाल्यांसाठी सर्कल चांगलंच, स्पीड कमी होतो, समोरासमोर धडक होत नाही, पण सायकलवाल्याच्या वाट्याला उलटं आलं. अन् तिकडं तर लोक लाईनीत चालवतात. आपल्याकडं काय चालतंय ते तुम्हाला ठाऊक आहे.

वाईट कुठल्या सर्कलला होतंय? माझ्या मते चन्नम्मा सर्कल दिसायला भयंकर पण गर्दीच एवढी की सगळेच हळू असतात, त्यामुळं भीती जास्त, धोका कमी. उलट किल्ला तलावाजवळचं अशोक सर्कल, दुपारी मोकळं असतंय, रुंद आहे, अन् गाड्या वेग न मोडता आत येतात. तिथं मला जास्त धडधडतंय. गोगटे सर्कलला पुलावरनं उतार मिळतो, आपलीच सायकल जोरात असते, ब्रेक आधी दाबून ठेवायचा.

आता आरसा. बहिर्गोल काच आहे, साधारण पाच-सहा सेंटीमीटरची, प्लास्टिकच्या दांडीवर, अन् दांडीच्या टोकाला रबराचा कोन. हा कोन हँडलच्या नळीत घालायचा अन् ॲलन कीनं, म्हणजे सहा कोनी वाकड्या पान्यानं, स्क्रू आवळला की तो आत फुगून घट्ट बसतो. ऐकायला सोपं. पण आपल्या साध्या सायकलींना जी रबराची ग्रिप असते तिचं टोक बंद असतंय, ते ब्लेडनं गोल कापावं लागतं. आमच्या गल्लीतल्या सायकलवाल्या मामांनी ग्रिप काढली, टोक कापलं, आत बघितलं तर नळीत गंजाचा हा थर. काडीला पॉलिश पेपर गुंडाळून आतनं घासलं, परत बसवलं, अन् मला म्हणाले, "अक्का, आरसा लावून काय करताय ओ, मागचं बघत बसला तर पुढं कोण बघणार?" मी म्हटलं मामा, स्कूटरला दोन दोन असतात की. तर म्हणे, "त्या केस विंचरायला असतात." तीस रुपये घेतले अन् वर चहा पण पाजला. पण त्यांचा प्रश्न काही चूक नव्हता, सुरुवातीला नजर सारखी आरशात जाते, सवय व्हायला वेळ लागतो, त्या काळात गर्दीच्या सर्कलला नेऊ नका, आधी टिळकवाडीतल्या आतल्या गल्ल्यांमधनं फिरवा.

उजव्या हँडललाच लावायचा. डावीकडं लावून काही दिसत नाही, म्हणजे दिसतं, फुटपाथ दिसतो. अँगल असा ठेवायचा की आपल्या कोपराची कड आरशाच्या आतल्या बाजूला बारीकशी दिसली पाहिजे, बाकी सगळा रस्ता. कोपर अजिबात दिसत नसेल तर आरसा फार बाहेर वळलाय समजा. अन् बहिर्गोल काचेत गाडी आहे त्याच्यापेक्षा लांब दिसते हे डोक्यात पक्कं बसवा. आरशात रिक्षा बारकी दिसली म्हणजे अजून वेळ आहे असं समजू नका, ती आलेलीच असते.

उपयोग कुठं होतो सांगते. सर्कलमध्ये सायकल कडेनं घेऊन जायची नाही, हे कोणी शिकवत नाही पण हेच खरं. कडेनं गेलात की आत घुसणाऱ्याच्या नजरेच्या टोकाला जाता, अन् बाहेर पडणाऱ्याला तुमच्यापुढनं वळायला ऐसपैस जागा मिळते. लेनच्या मधोमध गेलात तर त्याला तुमच्या मागं थांबावं लागतं. पण मधे यायचं म्हणजे सर्कलच्या आधी पंधरा-वीस मीटर हळूहळू उजवीकडं सरकायला पाहिजे, अन् त्यासाठी मागं कोण आहे ते कळायला पाहिजे. मान वळवून बघायला गेलं की माझ्या सायकलचं हँडल पण तिकडंच वळतं, बास्केटमध्ये डबा असला तर जास्तच. आरशामुळं मान न वळवता अंदाज येतो, मग हात दाखवायचा, एकदा मान वळवून खात्री करायची, अन् सरकायचं. नुसत्या आरशावर विसंबून सरकू नका, एक कोपरा त्यात येतच नाही. बास, एवढ्यासाठी ३८० रुपये, अन् मला ते वसूल वाटतात.

मधे आलं की शिव्या पडतात ते वेगळं. "ओ अक्का, कडेनं घ्या की, रस्ता काय तुमच्या बाचा हाय?" असं एक टमटमवाला म्हणून गेला, मी आपली हसले. रस्ता माझ्या बाचा नसला तरी आत असलेल्याचा आधी असतो. २०१७ च्या मोटार व्हेईकल्स ड्रायव्हिंग रेग्युलेशन्समध्ये तसं आहे, सर्कलमध्ये आधीपासून फिरणाऱ्याला आत येणाऱ्यानं वाट द्यायची. लायसन्सच्या परीक्षेला हा प्रश्न पाठ करून जातात अन् बाहेर आल्यावर पहिल्याच सर्कलला हॉर्न मारत घुसतात.

आता गाडीवाल्यांची एक गोष्ट त्यांच्या बाजूनं पण सांगायला पाहिजे, कारण ती कळल्यावर माझी चालवायची पद्धत बदलली. गाडीच्या पुढच्या काचेच्या दोन्ही कडांना ते जाड खांब असतात ना, छत धरून ठेवणारे. नव्या गाड्यांत ते अजून जाड, मजबुतीसाठी अन् आत एअरबॅग असते म्हणून. आपल्याकडं ड्रायव्हर उजवीकडं बसतो अन् सर्कलमध्ये शिरताना त्याला बघायचं पण उजवीकडंच, म्हणजे तो खांब त्याच्या डोळ्यापासून हातभर अंतरावर. त्याच्यामागं सायकल आख्खी लपते, माणसासकट! वर तो पुढं येतोय अन् आपण फिरतोय, दोघांचा वेग जुळला तर आपण बराच वेळ त्याच खांबामागं राहतो. त्याला खरंच दिसत नसतं. त्यामुळं ड्रायव्हरचं तोंड काचेतनं दिसत नसेल तर त्यालाही मी दिसत नाही असं धरून चालायचं, पायडल मारणं थांबवायचं किंवा जरा बाजूला सरकायचं, म्हणजे खांबाच्या बाहेर येतो आपण. ड्रायव्हर मंडळींनी शिरायच्या आधी मुंडी जराशी पुढंमागं करून बघितलं तरी खांबामागचं दिसतंय, पैसे लागत नाहीत त्याला.

इथं पुढच्या लाईटचा विषय येतो. मी घेतलेल्या लाईटला दोन्ही बाजूंना बारक्या खिडक्या आहेत, त्यातनं पिवळट उजेड आडवा पडतो. दुकानात याचं कोणी कौतुक करत नाही, लुमेन किती, म्हणजे उजेड किती, तेच सांगतात, पण सर्कलमध्ये समोरच्यापेक्षा बाजूनं दिसणं महत्त्वाचं असल्यामुळं या खिडक्या असलेलाच घ्या. दिवसा पण चालू ठेवते मी, मिचकावणाऱ्या मोडवर. लोक सांगतात, मॅडम लाईट चालू राहिला, त्यांना थँक्यू म्हणायचं अन् पुढं जायचं. डेन्मार्कच्या ओडेन्स शहरात २००४-०५ मध्ये जवळपास ४००० सायकलवाल्यांवर प्रयोग झालेला, काहींना चोवीस तास जळणारे लाईट दिले, चाकावरच्या चुंबकावर चालणारे, बॅटरीची भानगड नाही. त्यांचे जखमी व्हायचे सगळे अपघात धरून बाकीच्यांपेक्षा १९ टक्के कमी निघाले. फार मोठा फरक नाही पण ११०० रुपयांत एवढं मिळत असेल तर घ्यावं.

रात्री मात्र मिचकावणारा मोड बंद करा अन् लाईट खाली वाकवा. एका रात्री काँग्रेस रोडला समोरनं येणाऱ्या एका सायकलवाल्यानं टॉर्च सरळ डोळ्यावर मारलेला, मला खड्डा दिसला नाही, वाचले कशीबशी. आपल्याला दिसावं म्हणून दुसऱ्याला आंधळं करू नये की.

लाईटची खोट पावसात कळली. डब्यावर आयपीएक्स ४ लिहिलंय, वस्तू किती पाणी सोसते त्याचा तो नंबर, ४ म्हणजे शिंतोड्यांपुरतं. आपल्याकडचा जूनचा पाऊस शिंतोडे टाकत नाही, तो आडवा येतो. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण पहिल्याच आषाढात सैल झालं, आत पाणी गेलं, मागचा लाईट मधनंच बंद पडायला लागला. दुकानात घेऊन गेले तर वॉरंटी पाण्याला नसते म्हणाले, मग पावसाळ्यात वापरायची वस्तू पावसात खराब झाली तर वॉरंटी कशाला असते तेवढं विचारून मी परत आले. आता त्या झाकणावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून वापरते, चालतोय. परत घ्यायची वेळ आली तर आयपीएक्स ६ च्या खालचं घेणार नाही, जोरदार फवारा सोसणारं असतंय ते. बॅटरी मात्र चांगली आहे, आठवड्याला एकदा चार्ज करते, लाईट गेली तरी अडत नाही.

पट्ट्यांबद्दल. फुकट मिळाले म्हणून मी ते ड्रॉवरमध्ये टाकलेले. पण रात्री बघणाऱ्याच्या बाजूनं विचार करा, लांबनं एक बारीक दिवा दिसला तर तो सायकलचा की बंद पडलेल्या स्कूटरचा की कुठल्या दुकानाचा, काही कळत नाही. घोट्याला पट्टा असला की तो वर-खाली, वर-खाली होतो, अन् असं फक्त पायडल मारणारा माणूसच करतो. ऑस्ट्रेलियात रात्रीच्या रस्त्यावर हे तपासून बघितलंय. काळ्या कपड्यातला सायकलवाला ड्रायव्हरांनी शंभरात दोनदाच ओळखला, नुसतं चमकणारं जाकीट असेल तर निम्म्या वेळा, अन् जाकिटाबरोबर घोट्याला अन् गुडघ्याला पट्टे असतील तर ९० टक्के वेळा. उद्यमबागहून रात्री सेकंड शिफ्ट सुटून येणारी माणसं बघते मी, काळी पँट, काळं जाकीट, सायकलला लाईट नाही, त्यांच्यासाठी तर हे पट्टे आधी. दिवसासाठी पिवळंधमक जाकीट बरं. डेन्मार्कमध्येच ६७०० वर लोकांवर हे बघितलेलं, जाकीटवाल्यांचे दुसऱ्या कुणाशी धडकून जखमी व्हायचे अपघात, आकड्यातली शंकेची जागा वजा करून, ३८ टक्के कमी. पण एप्रिलच्या उन्हात ते घालून ऑफिसला जाणं माझ्यानं होत नाही, त्यामुळं त्याचा रिव्ह्यू माझ्याकडनं नाही.

यातल्या कुठल्याच वस्तूचा उपयोग होत नाही ती गोष्ट म्हणजे उसाचा ट्रॅक्टर. कारखाने चालू झाले की दिवाळीच्या आसपासपासनं पार उन्हाळा लागेपर्यंत डबल ट्रॉल्या रस्त्यावर, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टरवर चिखल, ऊस दोन्ही बाजूंना हात-दीड हात बाहेर, अन् ड्रायव्हरच्या कानाशी स्पीकर फुल्ल. काकतीकडं, संकेश्वर-निपाणीकडं राहणाऱ्यांना सांगायला नको. सर्कलमधली गंमत अशी की ट्रॅक्टरचं इंजिन ज्या वाटेनं वळतं त्या वाटेनं मागची ट्रॉली जात नाही. पहिली ट्रॉली वळणाच्या आतल्या बाजूला सरकते, दुसरी त्याच्यापेक्षा जास्त. म्हणजे ट्रॅक्टर बाहेर पडायला डावीकडं वळताना तुम्ही त्याच्या डाव्या अंगाला असाल तर इंजिन लांबनं जातं, वाटतं बरीच जागा आहे, अन् मग दुसरी ट्रॉली फुटपाथला घासत तुमच्या अंगावर येते. बसचं अन् ट्रकचं पण थोड्याफार फरकानं तेच, वर त्यांच्या डाव्या बाजूचं खालचं ड्रायव्हरला दिसतच नाही. यांच्या डावीकडं शिरायचं नाही. मधे गॅप दिसली तरी नाही, सिग्नलला उभे असले तरी नाही. मागं थांबायचं, नाहीतर सरळ उतरून सायकल हातात घेऊन कडेनं चालत जायचं. मला अशोक सर्कलला तसं चालत जायला अजिबात लाज वाटत नाही, दोन मिनिटं जास्त जातात.

आमच्याकडं काही रस्त्यांवर सायकलसाठी पट्टे आखलेत, बेळगाव २०१६ च्या पहिल्या २० स्मार्ट सिटींच्या यादीत होतं ना. पण सायकलचा पट्टा कुठंही असू दे, तो सर्कलच्या तोंडाशी येऊन संपतो, म्हणजे नेमका लागतो तिथं. नेदरलँड्समध्ये सर्कलच्या भोवती सायकलचा वेगळा गोल रस्ता असतो, गाड्यांच्या रस्त्यापासून जरा बाहेर, अन् गावात बहुतेक ठिकाणी गाडीवाला थांबून सायकलला जाऊ देतो. ते इथं कधी होईल तेव्हा होऊ दे, तोवर आरसा.

आरशाच्या खोटी पण लिहिते नाहीतर म्हणाल कमिशन मिळालं. स्पीडब्रेकरवर हलतो अन् अँगल बिघडतो, दर दोन-तीन दिवसांनी सारखा करावा लागतो. पावसात काचेवर थेंब बसले की शून्य उपयोग, बटाटा चिरून घासला तर थोडं बरं राहतं. ऑफिसच्या पार्किंगमध्ये शेजारची स्कूटर काढताना हमखास धक्का लागतो, माझ्या दांडीला चीर गेलीय. बाजारात गर्दीत खडेबाजारातनं सायकल हातात घेऊन जाताना लोकांच्या पिशव्या अडकतात. मिटता येणारं मॉडेल ६०० ला होतं, ते घेतलं असतं तर बरं झालं असतं असं आता वाटतंय. अन् रात्री मागच्या गाडीचा हाय बीम आरशातनं थेट डोळ्यावर येतो, तेव्हा तो खाली वळवून टाकते.

मार्क द्यायचेच तर आरशाला पाचात चार, पट्ट्यांना चार, पुढच्या लाईटला साडेतीन, मागच्याला अडीच. मागचा सांबऱ्याच्या, येळ्ळूरच्या अंधाऱ्या रस्त्याला पाहिजेच, तिथं त्याला पाच देईन, पण आपला विषय सर्कलचा आहे. हेल्मेट यात धरलं नाही, ते पडल्यावर कामाला येतं, तो हिशेब वेगळा.

ऑनलाईन मागवणाऱ्यांनी एक करा, आधी ग्रिप काढून हँडलच्या नळीचं आतलं भोक पट्टीनं मोजा. आरशाच्या पानावर किती मिलीमीटरला बसतो ते लिहिलेलं असतंय. माझ्या लेडीज सायकलचं भोक बारीक निघालं, रबरी कोन एका बाजूनं तासावा लागला. ज्यांचं अगदीच बसत नाही त्यांनी हँडलवर पट्ट्यानं आवळायचा आरसा घ्या, तो जरा जास्त हलतो पण ग्रिप कापावी लागत नाही. कोणाला शहापूर-वडगाव भागात बसवून घ्यायचा असेल तर खाली कमेंटमध्ये विचारा, मामांचं दुकान कुठं ते सांगते, संध्याकाळी पाचच्या आत जा, नंतर ते ट्यूबचे पंक्चर सोडून दुसरं काही हातात घेत नाहीत.